मदत हवी आहे: एचओ डबे आणि इमारतींचं परीक्षण लिहिताना नेमकं काय मोजावं?

रूळकरी

मंडळी, आमच्या मॉडेल रेल्वे गटाच्या पत्रिकेसाठी नव्या मालाची परीक्षणं लिहायची आहेत. सगळं एचओ स्केलचं, १:८७ (मूळ मापापेक्षा ८७ पट लहान). हाताशी तीन प्रवासी डब्यांचा संच, २१ पिनी डीसीसी (डिजिटल नियंत्रणाच्या) सॉकेटचं डिझेल इंजिन, रेझिनची तयार सिग्नल केबिन आणि लेझरने कापलेल्या एमडीएफची मालशेड आहे. चाचणीच्या लेआउटवर कोड ८३ (०.०८३ इंच उंचीचे) रूळ, सर्वात तीव्र वळण ४३८ मिमी त्रिज्येचं, चढ ३ टक्के.

अडलंय ते इथे:

१. तिसऱ्या डब्याची मागची बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) सांध्यावरून (जिथे रूळ दोन मार्गांत फुटतो) वळणात शिरताना घसरते. दोष डब्याचा की रुळाचा, हे कसं ठरवायचं? डब्याची लांबी २८२ मिमी, वजन ११८ ग्रॅम.
२. केबिन डब्याशेजारी खुजी दिसते. खोक्यावर १:८७ छापलंय, पण दार १९ मिमी उंच आहे.
३. शेड वळणावर बसेल का, हे वाचकाला आकड्यांत कसं सांगायचं?

"रंगकाम सुबक, तपशील छान" छापाचं परीक्षण लिहायचं नाही. जाणकारांनी मदत करावी.

चाकजोडी

आधी पहिला प्रश्न. रूळ आणि डबा वेगळे काढायचे असतील तर अदलाबदल करा. तिसरा डबा पहिल्या जागी लावा, मग तोच डबा उलटा फिरवून लावा. कुठल्याही डब्याची बोगी त्याच सांध्यावर घसरली तर रूळ तपासा. तीच बोगी गाडीत कुठेही लावली तरी घसरली तर डबा तपासा. तीच बोगी पण फक्त त्याच सांध्यावर घसरत असेल तर दोन्ही सीमेवर आहेत, आणि परीक्षणातही तसंच लिहायला हवं. बहुतेक वेळा हाच तिसरा प्रकार निघतो.

बोगी हातात घेतल्यावर पहिलं माप चाकांच्या आतल्या बाजूंमधल्या अंतराचं. एचओला ते १४.४ ते १४.५ मिमीच्या आसपास हवं. डिजिटल कॅलिपरने एकाच चाकजोडीवर, चाक थोडं थोडं फिरवून, तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे सारखे पण कमी आले तर चाकं अॅक्सलवर आत सरकलेली आहेत. आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर चाक तिरकं बसलंय, आणि ते सरकवून सुटणारं दुखणं नाही, चाकजोडीच बदलावी लागते. अंतर कमी असेल तर सांध्याच्या नाकाशी (जिथे दोन रूळ टोकाला मिळतात) चाकांच्या आतल्या बाजू चेक रेल आणि विंग रेल या वाट दाखवणाऱ्या जादा रुळांवर अडकतात, चाक वर उचललं जातं आणि बोगी घसरते. तुमचं वर्णन याच्याशी जुळतंय.

त्यानंतर बोगी हाताने दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. पायरी, बफरचा दांडा किंवा खालची नळी आड येते का? नवीन डब्यात सुटे ब्रेक पाइप पाकिटात देतात. ते लावल्यावर बोगी कमी फिरते, पण सूचनापत्रकात हे बारीक अक्षरांत दडलेलं असतं. परीक्षणात पाइप लावून आणि न लावता, दोन्ही किमान त्रिज्या द्याव्यात.

बोगीबाबा

वजनाबद्दल. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचं वजन १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. मेट्रिकमध्ये सुमारे २८ ग्रॅम अधिक दर सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम. २८२ मिमीसाठी हे १८६ ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे तुमचा डबा साधारण ६८ ग्रॅमने हलका आहे.

पण यावरून लगेच दोष देऊ नका. लांब गाडीत हलका डबा पुढे असला की वळणात आतल्या बाजूला ओढला जाऊन कलंडतो. तीन डब्यांच्या गाडीत शेवटचाच डबा घसरतोय, त्यामुळे कारण वजन नसावं. शिवाय प्रत्येक डब्यात ६८ ग्रॅम वाढवले तर ३ टक्के चढावर इंजिन एखादा डबा कमी ओढेल. वजन आकड्यात द्या, शिफारस शेजारी लिहा, निर्णय वाचकावर सोडा.

आणखी एक: २८२ मिमी ही अचूक लांबी नाही. २६.४ मीटरचा युरोपीय डबा १:८७ मध्ये ३०३ मिमी होतो. २८२ मिमी म्हणजे लांबी १:९३.५ ने आखडलेली, रुंदी आणि उंची मात्र १:८७. तीव्र वळणांवर चालावा म्हणून उत्पादक हे जाणूनबुजून करतात. काही जण १:१०० वापरून २६४ मिमीवर येतात. वेगवेगळ्या आखडीचे डबे एकाच गाडीत जोडले की खिडक्यांची लय बिघडलेली चटकन दिसते. ही माहिती खोक्यावर नसेल तर परीक्षणात हवीच.

सांधेवाला

कपलरकडेही (डबे जोडणाऱ्या आकड्याकडेही) बघा. या लांबीच्या युरोपीय पद्धतीच्या डब्यांत कपलरचा खिसा सरकत्या यंत्रणेवर असतो: वळणात डबे एकमेकांपासून लांब जातात, सरळ रुळावर बफरला बफर येतो. ही यंत्रणा कपलरची दोन्ही डोकी एकमेकांत घट्ट बसली तरच नीट चालते. खोक्यातल्या साध्या कडीवाल्या कपलरना खेळ असतो, त्यामुळे ती अर्धवट सरकते आणि गाडी मागे ढकलताना डबा तिरका होतो. खिसा एनईएम ३६२ (युरोपीय मानक) प्रकारचा असेल तर घट्ट कपलर लावून पुन्हा चाचणी घ्या. कॅडी कंपनीचे कपलर लावणाऱ्यांसाठी या खिशात १७ ते २० क्रमांक बसतात, १७ सर्वात आखूड आणि २० सर्वात लांब. ४३८ मिमी वळणावर बफर न अडकता कोणता चालतो ते लिहिलंत तर वाचक दुवा देतील. कपलरची उंची रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमी यायला हवी.

सांध्यानंतर लगेच उलट दिशेचं वळण आहे का? मध्ये एका डब्याइतका सरळ तुकडा नसेल तर नीट डबाही तिथे अडखळतो.

विटांची_रांग

केबिनबद्दल. खुजी वाटते म्हणून सोडू नका, तीन गोष्टी मोजा: दार, मजल्याची उंची, विटांच्या रांगा.

दोन मीटरचं दार एचओमध्ये २३ मिमी. तुमचं १९ मिमी म्हणजे १:८७ ने प्रत्यक्षात १.६५ मीटर, १.७५ मीटरचा माणूस एचओमध्ये २० मिमीचा, त्याला वाकून आत जावं लागेल. दार उलटं मोजलं तर स्केल १:१०५ पडतं. आता विटा. ब्रिटिश पद्धतीची वीट सांध्याच्या मसाल्यासकट ७५ मिमी उंच धरतात, त्यामुळे एचओमध्ये दहा रांगा ८.६ मिमी व्हायला हव्यात आणि १:७६ मध्ये जवळपास १० मिमी. दहा रांगा मोजून सांगा. विटा ८.६ आणि दार १९ असेल तर मूळ इमारत १:८७ ने काढून फक्त ठरावीक भाग आखडले आहेत. विटाही लहान असतील तर अख्खी इमारतच दुसऱ्या स्केलची आहे आणि खोक्यावरचा छाप चुकीचा आहे. या दोन निष्कर्षांत फार फरक आहे: पहिली केबिन रुळापासून दूर, मागच्या बाजूला चालून जाते, दुसरी कुठेही खटकते.

रेझिनचा तळही बघा. काचेवर ठेवून कोपरे दाबा. डुलत असेल तर तळ वाकलाय. तळ पातळ असेल तर गरम पाण्यात मऊ करून काचेवर वजनाखाली थंड करता येतो, पण रंगवलेल्या आणि खिडक्या चिकटवलेल्या तयार इमारतीवर हा उपाय करू नये. परीक्षणात किती मिमी फट आहे ते लिहा.

लेझर शेडमध्ये नेहमीचे तीन त्रास. एक, विटांचं कोरीवकाम पृष्ठभागावरच असतं, त्यामुळे कोपऱ्यावर भिंतीची उघडी कड आणि खाचांचे दात दिसतात. कोपऱ्याचे दगड वेगळ्या पट्टीत दिलेत की नाहीत, हे किटची किंमत ठरवणारं आहे. दोन, एमडीएफला एकाच बाजूने रंग दिला की ते वाकतं. जोडणीआधी दोन्ही बाजूंना प्रायमर द्यावा, सूचनापत्रकात तसं आहे का ते तपासा. तीन, कडांवरची जळलेली काजळी. ती न पुसता फिका रंग दिला तर तपकिरी डाग वर येतात. लाकडाला पीव्हीए (पांढरा गोंद) पुरतं, पण पावसाच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतील तर लाकडाला चिकटवायला सुपरग्लू लागेल. स्टायरीनचं द्रव सिमेंट इथे उपयोगाचं नाही.

बोगीबाबा

तिसऱ्या प्रश्नाचं गणित सोपं आहे. वळणात डब्याचा मध्य आत सरकतो: बोगींच्या मध्यबिंदूंमधल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येच्या आठपट. २८२ मिमीच्या डब्यात हे अंतर साधारण २०३ मिमी असतं. म्हणून २०३ × २०३ ÷ (८ × ४३८) = ११.८ मिमी. बाहेरच्या बाजूला टोकं सुमारे ११ मिमी जातात. डब्याची अर्धी रुंदी १६ मिमी धरा, २ मिमी मोकळीक द्या: आतल्या बाजूचा धक्का (माल चढवायचा ओटा) रुळाच्या मध्यापासून ३० मिमी हवा. सरळ रुळावर १८ मिमी पुरतो. शेडचं दार आणि धक्का किती अंतरावर आहेत ते मोजा, आणि परीक्षणात "फक्त सरळ रुळासाठी" किंवा "अमुक त्रिज्येपर्यंत" असं लिहा.

चाकजोडी

इंजिनाचं राहिलं. दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास बिनओझ्याने चालवल्याशिवाय काहीच नोंदवू नका. मग सर्वात कमी वेगावर सांध्याच्या वीज नसलेल्या नाकावरून न अडखळता जातं का, ३ टक्के चढावर किती डबे ओढतं, किती चाकं वीज घेतात. रबरी टायर ज्या चाकांना आहेत ती वीज घेत नाहीत, हे मोजताना विसरू नका. कवच काढून स्पीकरची जागा मोजा. "साउंडसाठी तयार" असं लिहिलेल्या इंजिनातही ती कधी कधी वजनाच्या ठोकळ्याने व्यापलेली असते.

रूळकरी

सर्वांचे आभार. मोजून आलो. मागच्या बोगीच्या दोन्ही चाकजोड्या १४.१ मिमी, तिन्ही ठिकाणी सारख्या. बाकी सगळ्या १४.४. बोगी अदलाबदल करूनही तीच घसरते, पण फक्त त्या सांध्यावर. केबिनच्या दहा रांगा ८.५ मिमी. चाकं बाहेर सरकवली तर परीक्षणात काय लिहू?

चाकजोडी

दोन्ही लिहा, क्रम महत्त्वाचा. आधी खोक्यातून निघालेली अवस्था: "तिसऱ्या डब्याची एक बोगी १४.१ मिमी, सांध्यावर घसरली." मग दुरुस्ती आणि नंतरचा निकाल. नुसता दुरुस्तीनंतरचा निकाल दिला तर विकत घेणाऱ्याला त्याचा डबा का घसरतो ते कळणार नाही.

सरकवताना दोन्ही चाकं बोटांत धरून हलकं पिळत बाहेर ओढा, दोन्ही बाजूंनी सारखं, म्हणजे ०.१५ मिमी प्रत्येकी. एकाच बाजूने ओढलं तर चाकजोडी मध्यापासून सरकते. प्लॅस्टिकची विद्युतरोधक बाही सैल होऊन चाक अॅक्सलवर फिरू लागलं तर ते पुन्हा आत सरकणार, तिथे चाकजोडीच बदला. नंतर टोकदार अॅक्सल बोगीच्या खाचेत मोकळं फिरतंय का बघा: २ टक्के उतारावर डबा आपोआप सुटला पाहिजे.

विटांची_रांग

८.५ म्हणजे विटा बरोबर, दार आखडलेलं. केबिनचा फोटो काढाल तेव्हा दारात २० मिमीचा पुतळा उभा करा आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वरून काढलेल्या फोटोत हा फरक लपतो.