मदत हवी आहे: ओट्याला एकच लाइन पुरेल का? (वडोदरा)

कारेलीबागकर: नवा फ्लॅट. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ओट्याला अडीच चौरस मिमी वायरची एक लाइन पुरे, तिच्यावरच तिन्ही सॉकेट काढतो. इंडक्शन, ओव्हन, मायक्रोवेव्ह. बरोबर आहे का? उद्या भिंत बुजवणार, लवकर सांगा.

सोनचाफा: इंडक्शन सुटा की ओट्यात बसवायचा? ओव्हन कुठला? वॅट लिहा हो, मागच्या पट्टीवर असतात.

कारेलीबागकर: सुटाच. 2000. ओव्हन म्हणजे ओटीजी, 2000. मायक्रो 800.

फेज_न्यूट्रल: मायक्रोचे 800 हे अन्नाला मिळतात ते. वीज साधारण 1250 खेचणार. बेरीज 5250, भागिले 230, म्हणजे जवळजवळ 23 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत राहील. मग कुणीतरी वैतागून 32 चा बसवेल, एमसीबी पडायचा थांबेल आणि भिंतीतली वायर भाजेल. तीन वेगळ्या लाइनी घ्या. इंडक्शन आणि ओटीजीला 4 ची तांब्याची वायर नि 20 चा एमसीबी, मायक्रोला 2.5 नि 16 चा. सॉकेट तिन्ही 16 अँपिअरची.

जुना_वायरमन: सॉकेट 16 चं आणि त्यावर 20 चा एमसीबी? 2000 वॅटला 9 अँपिअरही लागत नाहीत. 16 चा सी-कर्व्ह (चालू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी लावा.

फेज_न्यूट्रल: मान्य, 16 चाच लावा. पण वायर 4 चीच ठेवा, भिंत पुन्हा फोडायची नाही.

मांडवीवाली: पाइपचा गॅस असताना हे सगळं कशाला? आणि इंडक्शनवर ॲल्युमिनियमच्या कढया चालत नाहीत. बुडाला चुंबक चिकटतो का बघा.

सोनचाफा: काकू, प्रश्न वायरिंगचा आहे. डीबीत (एमसीबींच्या पेटीत) आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का? अर्थिंग?

कारेलीबागकर: 30 मिलिअँपिअरचा आहे. अर्थ न्यूट्रलमधूनच देतो म्हणाला.

जुना_वायरमन: अजिबात नको!! न्यूट्रल कुठे तुटला तर ओव्हनचं अख्खं पत्र्याचं अंग जिवंत होईल. हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत सलग हवी. पुढे अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्या, 5 ओहमच्या आत असावा. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघणं म्हणजे तपासणी नव्हे, आरसीसीबी तेवढ्यानेच पडेल.

फेज_न्यूट्रल: न्यूट्रलही प्रत्येक लाइनचा वेगळा. आरसीसीबीबाहेरच्या लाइनीच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की तो विनाकारण पडतो, आणि दोष मात्र ओव्हनला मिळतो. ओटीजीचं सॉकेट त्याच्या मागे नको, बाजूला घ्या. स्क्रू सैल राहिला की आधी सॉकेटच काळं पडतं. बिलावर मंजूर भार किती आहे?

कारेलीबागकर: 3 किलोवॅट. गीझर आणि एसीपण आहेत.

सोनचाफा: हे आत्ता सांगताय? भार वाढवायचा अर्ज आधी करा.

कारेलीबागकर: करतो. वायरींसाठी पाइप एकच टाकलाय, 19 मिमीचा. मावेल ना?

जुना_वायरमन: नऊ तारा? नाही. 25 चे दोन टाका, आणि उद्या भिंत बुजवू देऊ नका.