गो. ब. देवलांवरील शालेय प्रकल्प: चरित्र, नाटके आणि काळ यांची सांगड कशी घालावी?

नववीतल्या मुलीची आई, कोथरूड

माझ्या मुलीला शाळेतून 'एक नाटककार: जीवन, साहित्य आणि काळ' असा प्रकल्प मिळाला असून तिने गोविंद बल्लाळ देवल यांची निवड केली आहे. जन्म १८५५, सांगलीजवळचे हरिपूर, मृत्यू १९१६, एकूण सात नाटके, एवढी माहिती तिने मिळवली आहे. परंतु 'काळ' या भागात काय लिहावे हे तिला उमगत नाही. इंग्रजी राजवट, रेल्वे, छापखाने अशी सर्वसाधारण माहिती लिहिली, तर तिचा देवलांशी संबंध दिसत नाही. शिवाय 'संगीत शारदा' या नाटकावरूनच बालविवाहविरोधी शारदा कायद्याला नाव मिळाले, असे तिला दोन-तीन ठिकाणी वाचायला मिळाले. ते खरे आहे का? आणि पुण्यात यासाठी कुठे जावे?

निवृत्त मराठी शिक्षक

कायद्याबद्दलचा समज चुकीचा आहे आणि तो इतका पसरलेला आहे की प्रकल्पात त्याचे स्पष्ट निरसन करणे उपयुक्त ठरेल. १९२९ चा कायदा अजमेरचे हरबिलास सारडा यांनी मांडला, त्यांच्या आडनावावरून तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जाऊ लागला आणि त्याने मुलींसाठी चौदा व मुलांसाठी अठरा ही विवाहाची किमान वये ठरवली. देवलांचे नाटक त्याच्या तीस वर्षे आधीचे, म्हणजे १८९९ चे आहे. नावांतील साम्य हा केवळ योगायोग आहे.

आता काळाविषयी. माझा आग्रह असा आहे की काळाचे प्रकरण वेगळे लिहूच नये. नाटक वाचावे आणि त्यातून जे प्रश्न पडतील त्यांची उत्तरे इतिहासात शोधावीत. 'शारदा'मध्ये लोभी कांचनभट पैशासाठी आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथाला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो आणि कोदंड हा तरुण ते लग्न मोडतो. परंतु तो ते कशाच्या आधारावर मोडतो, हे मुलीने नीट पाहावे. वधूवर सगोत्र आहेत, या मुद्द्यावर. मुलगी लहान आहे आणि वर म्हातारा आहे, हे कारण त्या मांडवात पुरेसे ठरत नाही. आणि पुढे कोदंडाशी तिचा विवाह होण्यासाठीही शंकराचार्यांचा निर्णय लागतो. देवलांना लग्नातला अन्याय दाखवायचा होता, पण त्यांच्या प्रेक्षकांना पटणारा अडसर शास्त्राचाच होता. माझ्या मते १८९९ चा महाराष्ट्र समजून घ्यायला या एका प्रसंगाइतके चांगले साधन दुसरे नाही.

यावरून पुढचा प्रश्न आपोआप येतो: तेव्हा कायदा नव्हता का? १८९१ चा संमतिवयाचा कायदा होता, पण त्याने संमतीचे वय, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीची संमती कायद्याने ग्राह्य धरण्याचे वय, दहावरून बारावर नेले. लग्नाच्या वयाला त्याने हात लावला नाही आणि वराच्या वयाबद्दल तर त्यात काहीच नव्हते. म्हणजे भुजंगनाथाला अडवणारे कलमच अस्तित्वात नव्हते. त्या कायद्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले होते. टिळकांचा विरोध सरकारने धर्मव्यवहारात हस्तक्षेप करण्याला होता, तर आगरकरांनी 'सुधारका'तून सुधारणेची बाजू लावून धरली. दोन्ही बाजू मुलीने आपल्या शब्दांत, कोणालाही खलनायक न करता मांडाव्यात.

संगीत नाटकांचा प्रेक्षक

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त 'साहित्य' या भागाविषयी थोडे लिहितो. सात नाटकांची नावे ओळीने लिहिण्यापेक्षा त्यांचे मूळ कुठले ते पाहावे. 'मृच्छकटिक' शूद्रकाचे, 'विक्रमोर्वशीय' कालिदासाचे, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून, 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून; 'दुर्गा'ही इंग्रजी नाटकावरून घेतलेले आहे. 'संशयकल्लोळ' मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनापासून इंग्रजीमार्गे मराठीत आले. १८९३ मध्ये ते 'फाल्गुनराव' या नावाचे गद्य नाटक होते आणि देवलांनी आयुष्याच्या अखेरीस त्यात पदे घातली. स्वतंत्र नाटक एकच, ते म्हणजे 'शारदा'. इतरांची कथानके मराठी घरात इतक्या सहजपणे नांदवणारा लेखक जेव्हा स्वतःचे एकच कथानक रचतो, तेव्हा तो हाच विषय का निवडतो, हा प्रश्न मुलीने जरूर विचारावा.

देवलांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर. बेळगावला ते शिक्षक असताना देवल त्यांचे विद्यार्थी होते आणि १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाची वाट ज्यांनी रुंद केली तेही हेच अण्णासाहेब. चरित्राच्या भागात या नात्याला अधिक जागा द्यावी. बाकी तारखा एका परिच्छेदात संपवल्या तरी चालेल.

एक विनंती आहे: 'मूर्तिमंत भीति उभी' आणि 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' ही दोन पदे तिने ऐकावीत, नुसती वाचू नयेत. पहिल्यात मुलीचा थरकाप आहे, दुसऱ्यात वराची बोचरी थट्टा आहे, आणि दोन्हींची भाषा घरात बोलली जाते तितकी साधी आहे. त्या साधेपणामुळे नाटक घराघरांत पोहोचले, असे मला मनापासून वाटते.

नारायण पेठेतील वाचक

सुरुवात मराठी विश्वकोशातील देवलांवरील नोंदीने करावी. ती संकेतस्थळावर विनामूल्य आहे. त्यानंतर टिळक रस्त्यावरील महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या किंवा १८४८ मध्ये स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिराच्या ग्रंथालयात 'शारदा'ची संहिता मागावी. संपादित आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी, कारण प्रस्तावनेत तत्कालीन प्रयोगांची माहिती असते. संमतिवयाच्या वादासाठी केसरीवाड्यातील ग्रंथालयात १८९०-९१ च्या अंकांची चौकशी करता येईल. मात्र जाण्यापूर्वी शाळेचे पत्र घ्यावे आणि वेळ विचारून ठेवावी. जुने अंक हाताळायला नाजूक असतात, त्यामुळे छायाचित्र काढण्यापूर्वी ग्रंथपालांची परवानगी मागावी.

नववीतल्या मुलीची आई, कोथरूड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सगोत्रतेचा मुद्दा वाचून मुलीने प्रकल्पाची मांडणी बदलायचे ठरवले आहे: आधी तो प्रसंग, मग १८९१ चा कायदा, आणि त्यानंतर देवलांचे चरित्र. शनिवारी आम्ही साहित्य परिषदेत संहिता पाहायला जाणार आहोत.