प्रतिसाद: जीएनएमनंतर क्रिटिकल केअर
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या बहिणीने क्रिटिकल केअरमध्ये, म्हणजे आयसीयूच्या नर्सिंगमध्ये, एम.एस्सी. करावं का, असं वर विचारलंय. थेट नाही जमणार, ताई. आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) लागेल. एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा मात्र जीएनएमवर होतो. एनपीसीसी (नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर) ही दोन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकायचा कोर्स; तिला बी.एस्सी. आणि वर्षभराचा क्लिनिकल अनुभव हवा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकच्या म्हसरूळला आहे म्हणून सीट नाशिकलाच मिळेल असं धरू नका, कॉलेजं राज्यभर आहेत.

कॉलेज निवडताना फीआधी आयसीयू बघा. आर्टिरियल लाइन (सतत बीपी मोजायला धमनीत घातलेली नळी) रोज हाताळायला मिळते का? तिचा ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) छातीच्या मधल्या उंचीला, उजव्या कर्णिकेच्या पातळीत हवा. तो १० सेंमी खाली लोंबला तर बीपी ७-८ एमएमएचजीने जास्त दिसतं आणि नॉरॲड (बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनालिन) उगाच कमी केलं जातं. बेड वर-खाली केला की पुन्हा लेव्हल करायची. रात्रपाळीत नेमकं हेच राहून जातं.