ऑटोमॅटिक थार देऊन मॅन्युअल घेताना
थार ऑटोमॅटिक बदलून मॅन्युअल घ्यावी का, आणि ती नवी की जुनी, असा आपला प्रश्न आहे. केवळ तोरणमाळचा घाट उतरण्यासाठी ही अदलाबदल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 2020 नंतरच्या फोर-व्हील-ड्राइव्ह थारमधील 6 गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येही फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा मोड) लावून खालचा गिअर हाताने धरून ठेवता येतो आणि इंजिन ब्रेकिंग मिळते, म्हणजे इंजिनच गाडीचा वेग आवरते. तापीकाठच्या काळ्या मातीत चाके रुतल्यावर तर मॅन्युअलमध्ये अर्धा क्लच धरून रेटणाऱ्याची क्लचप्लेट आधी जळते. तरीही हाताने गिअर टाकण्याची ओढ असेल, तर जुनी गाडी जरूर पाहावी. मात्र चढावर वरच्या गिअरमध्ये आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतो आहे असे समजून त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.