पहिलंच सत्र परदेशात: अडचण कॉलेजची, आणि 'संधी' म्हणे आपली

सांजवेळ:
परवाच्या 'पहिलं सत्र परदेशात – नशीबवान मुलं' या धाग्यावर प्रतिसाद लिहायला बसले आणि तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतेय. त्या लेखाचा सूर असा की अमेरिकी कॉलेजचं 'प्रवेश दिला, पण फॉल सत्र (ऑगस्ट ते डिसेंबरचं) लंडनला किंवा फ्लॉरेन्सला करा, जानेवारीत कॅम्पसवर या' असं पत्र आलं की आईबापांनी उड्या माराव्यात.

मारल्या होत्या आम्ही. म्हणून सांगते.

तिसऱ्या वर्षाची बरीच मुलं स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीपासूनच्या सत्राला, परदेशी जातात आणि डॉर्ममधल्या खाटा रिकाम्या पडतात. ऑगस्टमध्ये मात्र पाय ठेवायला जागा नसते. मग जास्तीची पोरं चार महिने कुठेतरी सांभाळायची आणि जानेवारीत त्या रिकाम्या खाटांवर आणून टाकायची. हिशेब चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार त्याला 'जागतिक नागरिक घडवणे' म्हणण्याबद्दल आहे.

मुलगी फ्लॉरेन्सहून जानेवारीत पोचली. मजल्यावरच्या प्रत्येक दारावर रंगीत कागदाची पानं, त्यांवर हाताने लिहिलेली नावं. मजल्याच्या सीनियरने ऑगस्टमध्ये कौतुकाने कापलेली. हिच्या दारावर एक पान रूममेटचं होतं. शेजारच्या पानावर, खोली सोडून गेलेल्या मुलीच्या नावावर, प्रिंटरचा कागद सेलोटेपने डकवलेला. त्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. जेवायला कोण कुणाबरोबर बसतं हे सप्टेंबरातच ठरून गेलं होतं. दोन महिने ती ताट घेऊन वर खोलीत जात होती, आणि हे मला मे महिन्यात कळलं.

जायचंच तर तिसऱ्या वर्षी जा. १९२३ साली डेलावेअर विद्यापीठाने ८ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले, तेही तिसऱ्या वर्षासाठी. आधी मुळं धरू द्या, मग हिंडा.

उनाडवारा:
असहमत, आणि चांगलाच असहमत. मी स्वतः पहिलं सत्र लंडनला केलंय. आमच्या इमारतीत आमच्याच कॉलेजची ६० मुलं होती. पहिल्या आठवड्यात सगळेच हरवलेले, सगळ्यांचीच भुयारी रेल्वे चुकलेली. आज माझे जे चार जिवाभावाचे मित्र आहेत ते त्यातलेच. ओरिएंटेशनला गोल करून 'तुझा आवडता प्राणी सांग' खेळून मैत्री होते असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल कॅम्पसवर जावं.

जानेवारीत येणं म्हणजे उपरेपण हेही खोटं. मिडलबरी कॉलेजात फेब्रुवारीत येणाऱ्यांना 'फेब' म्हणतात. ते पदवीही फेब्रुवारीत घेतात आणि गाऊन-टोपीसकट बर्फाच्या उतारावरून स्की करत खाली येतात. मिरवतात ते, रडत नाहीत.

चष्मिष्ट:
उदाहरण चुकलं. फेबना त्या फॉलमध्ये कॉलेज कुठेही शिकायला धाडत नाही. नोकरी करा, फिरा, घरी लोळा. परदेशातल्या सत्राशी त्याचा काय संबंध?

आकडेमोड:
सांजवेळताई, खाटा हे अर्धंच सत्य. उरलेलं अर्धं रँकिंगमध्ये आहे. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत किती टक्के मुलं पदवी पूर्ण करतात हे मोजताना फॉलला दाखल झालेल्या पूर्णवेळ नव्या मुलांची तुकडी धरतात. जानेवारीत दाखल झालेलं पोर त्या तुकडीत नसतंच. प्रवेशपरीक्षेचे सरासरी गुण छापतात तेही फॉलच्याच तुकडीचे. म्हणजे गुण थोडे कमी असलेली, पण फी भरायला तयार असलेली मुलं जानेवारीत घ्या. सरासरीला धक्का नाही, तिजोरीत भर. याला साध्या मराठीत मागचं दार म्हणतात.

उनाडवारा:
मागचं दार? माझी फी पुढच्या दारातूनच घेतली होती हो, पावती आहे.

आकडेमोड:
चिडू नका. तुमचा एसएटी (प्रवेशपरीक्षेचा) स्कोअर किती होता?

उनाडवारा:
तुमचा काय संबंध? कॉलेजातून पहिल्या दहात पास झालोय, ते पुरेसं नाही का? जानेवारीवाल्यांना असं ऐकवणारे मी चार वर्षं झेललेत. 'अच्छा, तू स्प्रिंग अ‍ॅडमिट का?' त्या 'का'मध्ये जे असतं ना, ते फक्त आम्हालाच ऐकू येतं. आणि ते तुमच्यासारखेच लोक पोरांच्या डोक्यात भरवतात.

तिरकस:
आकडेमोड कधी कुठल्या धाग्यावर रँकिंग सोडून बोललेत असं आठवत नाही. चालू द्या.

स्क्रूड्रायव्हर:
मागच्या दारावरून डोकी फोडताय, पण इंजिनियरिंगवाल्यांचं कुणी बोलेना. माझ्या मुलाला परदेशातल्या केंद्रावर कॅल्क्युलस मिळालं, इतिहास मिळाला, कलेची ओळख मिळाली, लॅबसकट फिजिक्स मिळालं नाही. फिजिक्स-१ नाही म्हणून फिजिक्स-२ नाही. ते नाही म्हणून सर्किट्स नाही. सर्किट्स फक्त फॉलला. एक लॅब चुकली आणि अख्खं वेळापत्रक वर्षभर मागे सरकलं. समुपदेशकाला विचारलं तर उत्तर, 'समर कोर्स घ्या.' समरची फी वेगळी, हे सांगायला नकोच. मुलाला संग्रहालयं बघून काय मिळालं विचारलं तर म्हणतो, 'पाय दुखले.'

निळी_छत्री:
हे प्रत्येक ठिकाणी तसं नसतं. एनवायूच्या (न्यूयॉर्क विद्यापीठाच्या) लिबरल स्टडीज या मानव्यविद्यांच्या अभ्यासक्रमात पहिलं वर्ष लंडन, पॅरिस, माद्रिद, फ्लॉरेन्सला करता येतं. अभ्यासक्रमच तसा बेतलाय, लॅबचा प्रश्न फारसा येत नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचं तर उलट आहे. राज्याबाहेरच्या मुलाने पहिलं वर्ष त्यांच्या परदेशी केंद्रांवर अटींनुसार पूर्ण केलं तर पुढची फी राज्यातल्या मुलांच्या कमी दराने. आमच्याकडे हेच गणित करून पाठवलं, 'जागतिक नागरिक' वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. कोणता विषय घेणार हे न विचारता सरसकट 'जा' किंवा 'जाऊ नका' कसं म्हणता येईल?

शिक्कामोर्तब:
कागदपत्रांचा मुद्दा कुणीच काढला नाही, म्हणून मीच काढतो. लंडनवाल्यांचं सोपं, ६ महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम व्हिजिटर म्हणून, विद्यार्थी व्हिसा न काढता करता येतो. शेंगेनमध्ये (इटली, फ्रान्स, स्पेन वगैरे युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसा-क्षेत्रात) ज्यांना व्हिसाची सवलत आहे त्यांनाही १८० दिवसांत ९० दिवसच. फॉल सत्र त्याहून लांब, म्हणजे स्टडी व्हिसा आलाच. भाची २०१८ मध्ये इटलीत होती. पोचल्यावर ८ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज, तोही पोस्टात रांग लावून. बोटांचे ठसे द्यायला तारीख मिळाली १४ जानेवारी. परतीचं तिकीट १७ डिसेंबरचं. ती चिठ्ठी तिने फ्रेम करून लावलीय.

आणि एफ-१ वर (अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर) जाणाऱ्यांनी कान देऊन ऐका. सीपीटी-ओपीटीसाठी (शिकताना किंवा शिकून झाल्यावर आपल्या विषयात काम करायच्या परवानग्या) एक पूर्ण शैक्षणिक वर्ष व्हावं लागतं. परदेशातला काळ त्यात धरतात, पण त्याआधी अमेरिकेत एक पूर्ण सत्र झालेलं असेल तरच. पहिलंच सत्र बाहेर केलं तर 'त्याआधी' काही नाहीच. पहिल्या उन्हाळ्यात सीपीटीवर इंटर्नशिप करायची म्हणत असाल तर विसरा. माहितीपत्रकात हे कुठल्या पानावर होतं, कुणी सांगेल का?

सांजवेळ:
शिक्कामोर्तब, हे आधी कळलं असतं तर धागा निम्म्यात आटोपला असता. वाचनखूण साठवली.

चष्मिष्ट:
आकडेमोड, तुमच्या मुद्द्यात एक भोक आहे. परदेशातलं सत्र त्याच कॉलेजच्या नावावर नोंदलेलं असेल तर पोर फॉललाच दाखल झालं की. मग सरासरीतून सुटणार कसं? नोंदणी दुसऱ्या संस्थेची असेल तरच तुमचं गणित लागू.

आकडेमोड:
बरं. तेवढं मान्य. नोंदणी कुणाची हे आधी विचारावं, असं वाचा. पण जिथे दुसऱ्या संस्थेची आहे तिथे मागचं दारच.

उनाडवारा:
झालं, परत दार! मी लिहितोय तो मुद्दा कुणी वाचलाय का? अठराव्या वर्षी एकट्याने भाड्याची पावती, बँक, डॉक्टर सगळं निस्तरलं मी. तिसऱ्या वर्षी गेलेली मुलं मित्रांची टोळी सोबत घेऊनच जातात आणि शनिवार-रविवार विमानाने फिरतात. शिकतं कोण?

तिरकस:
'भाड्याची पावती, बँक, डॉक्टर'... तुमच्या इमारतीत कॉलेजचेच ६० जण होते ना? आणि कॉलेजचा माणूस खाली ऑफिसात बसत असेल. (हलके घ्या.)

उनाडवारा:
बसायचा. दुपारी ४ पर्यंत. ताप मला रात्री ११ ला आला होता.

संपादक मंडळ:
स्कोअर, मागचं दार आणि वैयक्तिक शेरे इथेच थांबवावेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

सांजवेळ:
धागा मुलीला दाखवला. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, "फ्लॉरेन्सबद्दल एक वाकडा शब्द लिहू नकोस, जानेवारीबद्दल हवं तेवढं लिही." तिच्या मते कॉलेजने सगळ्या जानेवारीवाल्यांना एकाच मजल्यावर ठेवलं असतं तर निम्मं रडगाणं झालंच नसतं. चार महिने एकत्र राहिलेली पोरं म्हणे नऊ इमारतींत विखुरली. तेव्हा उनाडवारा, अर्धा गुण तुमचा.

उनाडवारा:
अर्धाच? असो, घेतला. आमच्याकडे एकाच मजल्यावर ठेवलं होतं, हे मी आधी लिहायला हवं होतं. आकडेमोड यांनी स्कोअर विचारलेला मात्र विसरलेलो नाही.

आकडेमोड:
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)