मदत हवी आहे: इतिहासाच्या तासातच 'माहिती पडताळणं' कसं शिकवावं?

सातवीला इतिहास शिकवते, जिल्हा परिषदेची शाळा. पट ३४, चार टॅब (एकाची बॅटरी फुगलेली, म्हणजे तीनच धरा), नेट माझ्या हॉटस्पॉटवर. संगणकाचा वेगळा तास नाही. जे करायचं ते ३५ मिनिटांच्या तासिकेतच.

शिवाजी महाराजांची जन्मतारीख शोधायला सांगितली. दोन गटांना १९ फेब्रुवारी १६३० मिळाली, एकाला ६ एप्रिल १६२७. मला वाटलं, आयताच धडा सापडला! पण मुलांनी निकाल लावला तो असा: "बाई, जे सगळ्यात वर येतं ते बरोबर." एकाने तर मतदानच घ्या म्हटलं.

मग दोन्ही पानांच्या झेरॉक्स वाटल्या आणि कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, पुरावा काय दिलाय हे विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत मुलं येतात, पुराव्याशी अडतात. शेवटी राज्य शासनाने १६३० ची तारीख मान्य केली आहे हे मीच सांगून टाकते, आणि मग शोधण्यातली मजाच संपते.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ, पुस्तकातले क्यूआर कोड वापरून झालेत. त्यातून धडा समजतो, पडताळणी येत नाही. घरी मोबाइल लागेल असा गृहपाठ नको, निम्म्या घरांत तो वडिलांबरोबर कामावर जातो.

'पुरावा काय?' हा टप्पा सातवीच्या मुलांकडून एका तासिकेत तुम्ही नेमका कसा करून घेता? आणि आकारिक मूल्यमापनात (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात) त्याची नोंद कशी करता?