टँकरचं बिल घरटी की माणशी? आमच्या ग्रुपवरची चर्चा

रविवार संध्याकाळ

ए-३०१ (खजिनदार): सर्वांना नमस्कार. एप्रिलचा पाण्याचा हिशोब टाकतोय. रोज ३ प्रमाणे ९० टँकर, एकाचे १,२०० रु, एकूण १,०८,००० रु. ४८ फ्लॅटमध्ये सारखे वाटून प्रत्येकी २,२५० रु येतात. मेंटेनन्सबरोबर १० तारखेच्या आत भरावेत ही विनंती. वॉचमनच्या रजिस्टरचे फोटो खाली आहेत, प्रत्येक टँकरपुढे वेळ आणि ड्रायव्हरची सही आहे.

ए-१०२ काकू: बाळा हिशोबाबद्दल शंका नाही. पण आम्ही दोघंच म्हातारी माणसं, आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरते मी आणि त्याच्यावर फरशी पुसते, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं, आणि पावती मात्र सहा माणसांच्या घराएवढीच. भांडायचं नाहीये मला, पण दर महिन्याला वाईट वाटतं.

बी-५०२: काकू तुमचं बरोबर आहे. पण सहा माणसांचं घर म्हणजे आमचंच, म्हणून सांगते. सासूबाई आठ महिने अंथरुणावर आहेत, रोज चादरी धुवाव्या लागतात. आम्ही पाणी उधळत नाही हो.

ए-१०२ काकू: अगं तुला उद्देशून नव्हतं ते. मला माहितीये तुझी किती ओढाताण होते.

सी-२०३ (सध्या शारजा): माझा फ्लॅट दीड वर्ष बंद आहे. एक थेंब वापरत नाही तरी २,२५०. हे कसं काय?

सी-१: मग आम्ही तळमजल्यावाले लिफ्टचे पैसे का भरतो तेही बोला.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय आज नको प्लीज. उपविधीत स्पष्ट आहे, वापरा न वापरा, लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्यांना सारखा. पाण्याचं मात्र तसं नाही, आदर्श उपविधीत पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि साइज यावर धरायला सांगितलाय. आपले सगळे टू बीएचके, नळ सारखेच, म्हणून आजवर घरटी सारखं वाटत आलो.

बी-४०१: थोडं मोठं लिहितेय, वेळ मिळेल तसं वाचा. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि हा विषय दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण आपल्याच बिल्डिंगमध्ये तो कधी मांडला नाही याचं वाईट वाटतंय. टँकर १०,००० लिटरचा, १,२०० रुपयांना, म्हणजे १,००० लिटरला १२० रु. मी आज पाईप लावून गाडी धुतली, गॅलरी धुतली आणि १,००० लिटर जास्त वापरलं तर माझ्या बिलात किती वाढ होईल? १२० भागिले ४८, अडीच रुपये. उरलेले एकशे साडेसतरा तुम्ही सगळे भरणार. आता उलटं बघा, काकूंनी महिनाभर बादल्या धरून १,००० लिटर वाचवले तर काकूंचेही अडीचच रुपये वाचतात. म्हणजे पाणी वाचवणाऱ्याला आपण अडीच रुपये देतो आणि उधळणाऱ्याकडून अडीच रुपये घेतो. कोणी वाईट नाहीये, वाटायची पद्धतच अशी आहे की प्रत्येकाचा हात सैल सुटतो.

ए-६०४: ताई पण कोणी असा हिशोब करून नळ सोडत नाही. सवयीने सोडतात.

बी-४०१: खरंय दादा, डोक्यात हिशोब कोणीच करत नाही, पण वागणं तसंच होत जातं. इस्रायलमध्ये काही अर्थतज्ज्ञांनी खऱ्या हॉटेलात प्रयोग केला होता, २००४ ला छापून आला. सहा सहा अनोळखी लोकांना एका टेबलावर बसवलं. काही टेबलांना सांगितलं आपापलं बिल भरा, काहींना सांगितलं एकूण बिल सहा जणांत सारखं वाटणार. आपापलं भरणाऱ्यांचं जेवण सरासरी ३७ शेकेलच्या (तिथलं चलन) आसपास गेलं, सारखं वाटणाऱ्यांचं ५१ च्या आसपास. आणि पद्धत निवडायला सांगितली तर बहुतेकांनी आपापलं भरायची पद्धतच मागितली. आपणही तेच करतोय, फक्त जेवणाच्या जागी पाणी आहे. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं सरकारी माप आहे. आपण १६२ माणसं, म्हणजे २२,००० लिटरच्या आत भागायला हवं. टँकरचंच ३०,००० येतंय, त्यावर सकाळचं महापालिकेचं पाणी वेगळं. मग हे सगळं जातंय कुठे?

ए-६०४: पाईपने गाड्या धुण्यात. ५०० रु दंड लावा, दुसऱ्या दिवशी बंद होतं की नाही बघा.

बी-४०१: दंडाची मला भीती वाटते. इस्रायलमध्येच पाळणाघरांचा अभ्यास झालाय, २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे म्हणून काही पाळणाघरांनी छोटा दंड लावला. उशीर कमी व्हायचं सोडून वाढला, कारण आधी बाईंना ताटकळत ठेवलं म्हणून लाज वाटायची, आता वाटायला लागलं आपण पैसे भरतोय की. नंतर दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. पाईपवाल्याला आधी दोघांनी घरी जाऊन समजावून सांगावं, मग नोटीस, आणि दंड सगळ्यात शेवटी.

सी-४०४: आणि जे पैसेच भरत नाहीत त्यांचं पाणी तोडा.

सेक्रेटरी: पाणी तोडायचं नाही, हा विषय इथेच थांबवू. थकबाकी वसुलीला सहकार कायद्यात रस्ता आहे, त्यानेच जाऊ.

बी-३०३: मी साक्री तालुक्यातला, धुळे जिल्हा. आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे, फार जुनी. बंधारा, पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड म्हणजे मोठे भाग पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. गावानेच नेमलेला पाटकरी पाणी सोडतो, कोणाच्या बांधावर किती वेळ ते तो ठरवतो, शेतकरी स्वतः दार उघडत नाही. आणि मूळ रचना अशी की प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असावा. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, पण मग तो सगळ्यांचाच थोडा थोडा कोरडा राहतो, एकाच्याच वाट्याला दुष्काळ येत नाही. आजोबा सांगायचे की पाटकऱ्यावर विश्वास असतो कारण पाट सगळ्यांना दिसतो. आपला पाट भिंतीत आहे, तो कोणालाच दिसत नाही.

बी-४०१: दादा हे तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. पुरंदरला विलासराव साळुंख्यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली त्यात तर जमिनीवर पाणी दिलंच नाही, माणशी दिलं. डोईला अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. कमी असलेल्या पाण्यात वाटणी कशी असावी याचं याच्याइतकं स्वच्छ उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. म्हणून सुचवते, १,०८,००० मधला चौथा हिस्सा, २७,०००, ४८ घरांत सारखा, प्रत्येकी ५६२ रु ५० पैसे, कारण टाकी, जिने धुणं, बाग, आणि नळ उघडला की पाणी येण्याची सोय बंद फ्लॅटलाही आहेच. उरलेले ८१,००० माणशी, १६२ माणसांत ५०० रु. मग काकूंचे होतात १,५६२, शारजावाल्या दादांचे ५६२.

बी-५०२: आणि आमचे ३,५६२. म्हणजे आजारी माणूस घरात असल्याचा दंड.

ए-१०२ काकू: सासूबाईंचं डोकं मोजायचं नाही. माझ्या बिलात पाचपन्नास वाढले तरी चालतील.

बी-३०३: सहमत. अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणत्याच घरात मोजायचं नाही असा नियमच करा.

ए-६०४: चालेल. पण ताई एक सांगा, माणशी लावलं तरी पाईप लावणाऱ्याला काय फरक पडतो? त्याचीही चार माणसं, माझीही चार.

बी-४०१: काहीच फरक पडत नाही, अगदी बरोबर पकडलंत. बिल न्याय्य होणं आणि नासाडी थांबणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकात एक कालवतोय. माणशी वाटणीने फक्त पहिला सुटतो. दुसऱ्याला पाणी मोजावंच लागेल, दादा म्हणाले तसं पाट दिसला पाहिजे.

सेक्रेटरी: मीटरचं मी प्लंबरला विचारलंय. प्रत्येक फ्लॅटला चार डाऊनटेकमधून, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाईपमधून पाणी येतं, किचन, दोन बाथरूम, ड्राय बाल्कनी. म्हणजे घरटी चार मीटर, ४८ घरांना १९२. एवढा फंड आत्ता नाही, जनरल बॉडीत घ्यावं लागेल.

बी-४०१: मग तोवर विंगनिहाय मोजू. झुरिकमधल्या २००१ च्या एका प्रयोगात असं दिसलं की साधारण निम्मी माणसं "बाकीचे करतायत तर मीही करतो" अशी असतात आणि साधारण तीस टक्केच काही न देता फुकट घेणारी. आपल्याकडे त्या निम्म्यांना बाकीचे काय करतायत ते दिसतच नाही, म्हणून तीही हळूहळू हात आखडतात. तेव्हा तिन्ही गच्च्यांवरच्या टाक्यांचं रोजचं रीडिंग ग्रुपवर टाकू या. पहिली टेस्ट रात्रीची, सगळे झोपलेले असताना. मी आज सी विंगच्या गच्चीवर जातेय, १ वाजता पंप बंद, ५ वाजता पुन्हा रीडिंग. सोबत कोण येतंय?

बी-३०३: मी येतो. बॅटरी आणि टेप आणतो.

सोमवार सकाळ

बी-३०३: सी विंग टाकी ४ मीटर बाय ३ मीटर. १ वाजता काठीवर पाणी १४१ सेमी, ५ वाजता १३५. मधे कोणी उठलं असेल, अंघोळ मात्र कोणाची नाही. ६ सेमी म्हणजे ७२० लिटर चार तासांत.

खजिनदार: तासाला १८० लिटर, दिवसाला ४,३२०, महिन्याला जवळपास १३ टँकर. १५,६०० रुपये एकाच विंगचे. कागदावर लिहिल्यावर खरंच धक्का बसला.

बी-४०१: गच्चीवर उभं राहिलं की खाली पाईपमधून सतत बारीक खळखळ ऐकू येते, रात्रीच्या शांततेत स्पष्ट. फ्लशच्या टाकीचा वॉशर गेला की पाणी कडेने शांतपणे कमोडमध्ये उतरत राहतं, घरात कोणाला कळतही नाही. सगळ्यांनी आज एक करा, फ्लशच्या टाकीत थोडी हळद घाला, अर्धा तास वापरू नका, कमोडमध्ये पिवळं दिसलं तर गळतंय.

सी-४०४: आमच्याकडे पिवळं दिसलं. काल पाणी तोडा म्हणालो त्याबद्दल माफी मागतो. प्लंबरला दुपारी बोलावलंय.

सी-१: आमचंही. प्लंबरला खाली पण पाठवा.

सी-२०३ (शारजा): माझी चावी २०४ वहिनींकडे आहे. वहिनी प्लीज बघता का.

सी-२०४: बघितलं भाऊजी. मोठ्या बाथरूमचा फ्लश गळतोय, खाली पांढऱ्या भांड्यावर पाण्याची रेघ पडलीये, किती दिवसांची कोण जाणे. मेन कॉक बंद केलाय. आता येईपर्यंत बंदच ठेवते.

सी-२०३ (शारजा): धन्यवाद वहिनी. ५६२ मी आनंदाने भरेन, आणि प्लंबरचे पैसेही माझे.

गुरुवार पहाटे

बी-३०३: सी विंग, १ वाजता १४० सेमी, ५ वाजता १३८.

सेक्रेटरी: आज वॉचमनला दोनच टँकर सांगितलेत. कमी पडलं तर ग्रुपवर लगेच लिहा.

ए-१०२ काकू: ए विंगला कधी जाताय? मला गच्चीवर चढवत नाही, पण उठून चहा करून ठेवीन.

बी-४०१: आज रात्रीच काकू. ५ ला खाली येतो.